एक आकडा, सहा फाइली

सोमवार, ३ जून. सकाळ, ऑफिस.

जगभरातल्या खुर्च्यांवर बसून हाताने आकडे बदलणाऱ्या माझ्या प्रोग्रामर बंधूंनो आणि भगिनींनो, आपल्यावर अन्याय होतो आहे. माणूस चंद्रावर जाऊन आला आणि आपण अजून व्हर्जन नंबर बोटांनी बदलतो आहोत. फाइल उघडायची, जुना आकडा खोडायचा, नवा लिहायचा, फाइल बंद. मग दुसरी फाइल. मग तिसरी. आकडा एक, फाइली सहा. आणि एखादी विसरली की दोष कुणाला? यंत्राला नाही, आपल्याला. किती दिवस सोसायचं हे?

(हे भाषण मीटिंगमध्ये करायचं होतं. 'किती दिवस'पर्यंत पोचेतो दोघे चहाला गेले आणि मालकांना फोन आला. उरलं इथे लिहितो. विचार वाया जाऊ नये.)

निमित्त असं. मागच्या वेळी ४.९ बाहेर पाठवताना मी पाच फाइलींत आकडा बदलला, सहावी राहिली. तेव्हापासून आमचं सॉफ्टवेअर उघडताना स्वतःला ४.९ म्हणवतं आणि मदतीच्या पानावर ४.८. मालक म्हणाले, स्वतःचं वय दोनदा वेगळं सांगणाऱ्याकडे कुणी मुलगी तरी देईल का. सगळे हसले. हसण्यासारखं काही नव्हतं.

निर्धार: एक स्क्रिप्ट, म्हणजे काम आपोआप करणारा छोटा प्रोग्राम, लिहिणार. एक बटण दाबायचं, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सहाही फाइलींत नवा आकडा. यापुढे या ऑफिसात कुणीही व्हर्जन नंबरला हात लावणार नाही.

लागणारा वेळ: एक दुपार. फार तर दीड.

चाळणीला सांगितलं. चाळणी म्हणजे आमची टेस्टर, तिच्यातून चूक खाली पडत नाही. तिचं म्हणणं, सहा फाइली हाताने बदलायला चहा निवेपर्यंतचा वेळ लागतो, तोही वर्षातून तीन-चारदा. मी म्हणालो, क्रांतीला चहाचं माप लावू नये. ती म्हणाली, बरं, वक्ते.

मला ती वक्ते म्हणते. आदराने, असं मी धरतो.


मंगळवार, ४ जून. जेवणानंतर.

घरातही माझ्या कामाची वाट पाहणारे आहेत ही समाधानाची गोष्ट.

बायको जनावरांची डॉक्टर आहे. आमचं सॉफ्टवेअर जनावरांच्या दवाखान्यांसाठीच आहे आणि तिचा दवाखाना आमचा पहिला ग्राहक. काउंटरवर सासरेबुवा बसतात. गणिताचे शिक्षक होते, निवृत्त झाले, पण शिस्त निवृत्त झालेली नाही. कुत्र्यांनाही रांगेत बसवतात.

तक्रार अशी, की आमचं सॉफ्टवेअर दर गुरुवारी लस राहिलेल्या जनावरांच्या मालकांना फोनवर निरोप पाठवतं. चांगली सोय. माझीच कल्पना. फक्त ते मेलेल्या जनावरांच्याही मालकांना पाठवतं. दवाखान्यासमोर एका शिंपीणबाईंचं दुकान आहे. त्यांचा कुत्रा सरदार गेल्या महिन्यात म्हातारपणाने गेला. नोंदीत तसं लिहिलंय. तरी दर गुरुवारी बाईंचा फोन वाजतो: 'सरदारची लस राहिली आहे. सरदारला लवकर घेऊन या.'

बाई रस्ता ओलांडून येतात, काउंटरवर फोन पुढे करतात आणि विचारतात, चुकून आलं असेल ना हो? रागावत नाहीत. सासरेबुवा म्हणाले, जावईबापू, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला टेबलाखाली जावंसं वाटतं.

बाईंचा नंबर काढून टाकता येत नाही, कारण त्यांच्याकडे एक मांजरही आहे आणि तिच्या लशीची आठवण जायला हवी. सरदारची नोंद पुसता येत नाही, कारण नोंद पुसायची सोय मी ४.११ साठी राखून ठेवली आहे.

बायकोने विचारलं, दुरुस्ती झाली का. मी म्हणालो, कधीच. एका ओळीची होती. चाळणीनेही पास केली. बायको म्हणाली, मग पाठव की. मी समजावून सांगितलं. पाठवायची म्हणजे नवं व्हर्जन काढायचं, ४.१०. आणि ४.१० हे मानवी हात न लागता बाहेर पडणारं पहिलं व्हर्जन असणार आहे. बायको म्हणाली, मानवी हात न लागता गुरुवारच्या आत पडेल का ते सांग.

मी म्हणालो, उद्याच.

मग तिने सांगितलं, दुसऱ्या एका कंपनीचा विक्रेता दोनदा येऊन गेलाय. २४ तारखेला तिसऱ्यांदा येणार आहे. तोवर हे निस्तरलं नाही तर ती त्यांचं सॉफ्टवेअर घेणार. नवऱ्याचं म्हणून किती दिवस चालवू, म्हणाली.

नवऱ्याचं सॉफ्टवेअर बायकोनेच सोडलं तर बाजारात मी काय तोंड दाखवणार? पण हा प्रश्न उद्भवणारच नाही. उद्या बुधवार.


बुधवार, ५ जून. संध्याकाळ.

स्क्रिप्ट झाली. देखणी आहे. दोनदा नुसती वाचूनच काढली.

तत्त्व सोपं. सगळ्या फाइलींत जिथे ४.९, किंवा मदतीच्या पानावरचं ते ४.८, दिसेल तिथे ४.१० लिही. चालवली. पापणी लवायच्या आत काम फत्ते. मी उभा राहून दोन शब्द बोललो.

तासाभराने चाळणी आली. म्हणाली, वक्ते, सहाही ठिकाणी आकडा बदललाय, अभिनंदन. शिवाय नमुन्याच्या नोंदींत एक बोका होता, ४.९ किलोचा. तो आता ४.१० किलो आहे. दुपारभरात आठशे ग्रॅम झडला, बाकी तब्येत ठीक दिसते.

औषधाच्या तक्त्यावरूनही हात फिरला होता. १४.९ ची १४.१० झाली होती. माझ्या स्क्रिप्टला भेदभाव माहीत नाही, हा तिचा गुण की दोष हे पाहणाऱ्याच्या दृष्टीवर आहे.

सगळं पूर्ववत केलं. हाताने. पण ही शेवटची वेळ.


गुरुवार, ६ जून.

निरोप गेला. बाई येऊन गेल्या.

बायकोने हे जेवताना सांगितलं, ताटातून मान वर न करता. मी म्हणालो, प्रगती समाधानकारक आहे. ती म्हणाली, कुणाची?


शुक्रवार, ७ जून. ऑफिस.

चूक सापडली. माझी नव्हती, दृष्टिकोनाची होती. मी यंत्राला 'शोध आणि बदल' सांगितलं. शोधायला लावलं की यंत्रही माणसासारखं भरकटतं. सत्याचं एकच घर हवं. म्हणून एक नवी फाइल केली. तिच्यात फक्त आकडा, दुसरं काही नाही. स्क्रिप्ट तिथून आकडा उचलणार आणि सहा फाइलींत नेमक्या ओळीवर नेऊन ठेवणार.

चाळणीने ऐकून घेतलं. मग बोटं मोजत म्हणाली, म्हणजे आता आकडा सात ठिकाणी आहे. मी म्हणालो, सातवी फाइल ही इतर सहांची राणी आहे. ती म्हणाली, आणि राणीतला आकडा कोण बदलणार. मी म्हणालो, मी. ती म्हणाली, हाताने?

काही लोक प्रश्न विचारतात ते उत्तरासाठी नाही, आनंदासाठी.

तरी ती बोलली त्यात तथ्य आहे. माझ्या राज्यात एक हात अजून शिल्लक आहे. तोही छाटायला हवा.


सोमवार, १० जून.

रविवारभर वाचन केलं. मोठमोठ्या लोकांनी याच प्रश्नावर आयुष्य घालवलंय, हे वाचून धीर आला. इतिहासात राजे स्वतःच्या नावापुढे पहिला, दुसरा, तिसरा लावून घेत आणि ते बदलायला कुणाला फाइली उघडाव्या लागत नसत. बाप मेला की आकडा आपोआप पुढे जाई. तेच तत्त्व इथे लावायचं.

योजना: आम्ही सगळे आपापलं काम दिवसातून अनेकदा सर्व्हरवर जमा करतो. कुणीही काही जमा केलं की आकडा आपणहून एकाने पुढे सरकेल. ४.१०.१, मग ४.१०.२, असं. कुणी सांगायचं नाही, कुणी विचारायचं नाही. नदीला कुणी सांगतं का पुढे जा म्हणून?

मालक म्हणाले, ते ठीक आहे, पण पाठवणार कधी? मी म्हणालो, परवा. मालकांनी मागच्या आठवड्यातल्या माझ्या 'परवा'चीही आठवण काढली. मी दुर्लक्ष केलं.

घरी बायकोला सांगितलं, या गुरुवारी निरोप जाणार नाही. ती म्हणाली, मागच्या मंगळवारीही तू हेच बोलला होतास. मी म्हणालो, तेव्हा माझ्याकडे नदीची उपमा नव्हती.


बुधवार, १२ जून. दुपार.

शांतपणे लिहितो.

सकाळी यंत्रणा सुरू केली. एका सहकाऱ्याने कुठेतरी एक स्वल्पविराम दुरुस्त करून जमा केला. आकडा लगेच पुढे सरकला. मी टाळी वाजवली. ती खाली येते न येते तोच आकडा पुन्हा सरकला. मग पुन्हा.

कारण समजायला थोडा वेळ गेला. आकडा पुढे सरकणं हाही एक बदल. बदल झाला की तो सर्व्हरवर जमा होतो. काही जमा झालं की आकडा पुढे सरकतो. तर्काला कुठेही तडा नाही.

शिवाय प्रत्येक बदलाची मेल सगळ्यांना जाते. ही सोयही माझीच, गेल्या वर्षीची. मालक एका ग्राहकाकडे बसले होते. त्यांचा फोन थरथरत थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत गेला आणि खाली पडला, असं त्यांनी नंतर दुसऱ्या फोनवरून सांगितलं. तोवर आम्ही ४.१०.२३१६ ला पोचलो होतो. ऑफिसात सगळे माझ्याभोवती उभे राहून आकडा पळताना बघत होते. माझ्या कुठल्याही भाषणाला एवढी गर्दी झालेली नाही.

मी थांबवण्यासाठी स्क्रिप्ट दुरुस्त केली आणि जमा केली. त्यानेही आकडा पुढे सरकला.

शेवटी चाळणी उठली आणि सर्व्हरचा प्लग काढला. म्हणाली, वक्ते, तुमच्या कुत्र्याला स्वतःचं शेपूट सापडलं.

नोंद राहावी म्हणून लिहितो: मी यंत्राला जे सांगितलं ते त्याने तंतोतंत केलं. अपयश म्हणायचं तर ते आज्ञाधारकपणाचं.


गुरुवार, १३ जून.

दिवसभर दोन हजारांवर नोंदी मागे फिरवण्यात गेला. मदतीला कुणी आलं नाही.

निरोप गेला.

या वेळी बाई दवाखान्यात आल्या नाहीत. बायकोच रस्ता ओलांडून गेली. परत आली. विचारलं तर म्हणाली, सरदारची चादर अजून शिलाई मशीनखाली तशीच आहे. तो तिथे निजायचा, बाई पाय त्याच्या पाठीवर ठेवून मशीन चालवायच्या. आता चादरीवर ठेवतात. फोन वाजला की आधी खाली बघतात, म्हणाली.

मी काहीतरी बोलणार होतो. तिने हात वर केला. रस्त्यावर गाडी थांबवतात तसा.


शुक्रवार, १४ जून. ऑफिस.

चाळणीने आज सगळ्यांसमोर प्रस्ताव मांडला. चहा येतोय. तो निवेपर्यंत मी सहाही फाइली हाताने बदलते, ४.१० करते, संध्याकाळी पाठवून मोकळे. तुम्ही तुमची स्क्रिप्ट सावकाश करा, ४.११ ला वापरू.

मला भरून आलं. रागानेच. मी उभा राहिलो आणि म्हणालो, आज एक आकडा हाताने बदललात तर उद्या दुसरा बदलाल. सवयींचे गुलाम सवलतीनेच तयार होतात. ज्यांनी पहिलं चाक केलं त्यांना शेजारी म्हणाले असतील, आजचा दिवस डोक्यावरून ने, चाक उद्या कर. त्यांनी ऐकलं असतं तर आपण आज कुठे असतो?

चाळणी म्हणाली, चालत घरी.

मालकांनी निकाल दिला: बुधवारी, १९ तारखेला, ४.१० बाहेर पडायलाच हवं. स्क्रिप्टने, हाताने, नाहीतर पायाने.

मी हा माझा विजय मानतो. स्क्रिप्टचं नाव पहिलं घेतलं.


रविवार, १६ जून. सासरी.

जेवताना सासरेबुवांनी विषय काढला. त्यांना एक शंका होती. जावईबापू, सध्या आमच्याकडे ४.९ आहे. तुम्ही पाठवणार ४.१०. म्हणजे चार पूर्णांक एक दशांश. शेवटचं शून्य शोभेचं. मग तुम्ही पुढे जाताय की मागे?

मी हसलो. त्यांना प्रेमाने समजावलं, की हा दशांश अपूर्णांक नाही. चार हा एक आकडा, दहा हा दुसरा, मधलं टिंब म्हणजे नुसतं कुंपण. ते म्हणाले, कुंपण आहे तर तशी पाटी लावा. मी जन्मभर पोरांच्या वह्यांवर याच चुकीला लाल रेघ मारली. मी म्हणालो, बाबा, जग बदललं. ते म्हणाले, जग बदलू दे, नऊ दशांश एक दशांशापेक्षा मोठेच राहतील.

सासूबाईंनी भांडी आपटत विचारलं, आकडे वाढायचेत का अजून कुणाला.

बायको मला हळूच म्हणाली, बाबा उगाच बोलत नाहीत, एकदा तपासून घे. मी म्हणालो, सॉफ्टवेअर गणिताच्या मास्तरांना विचारून चालत नाही.

शिक्षक निवृत्त होतात, लाल शाई होत नाही. हे वाक्य चांगलं झालंय. बुधवारच्या भाषणात घ्यावं.


बुधवार, १९ जून. संध्याकाळ.

आजची तारीख ठळक लिहायला हवी.

बटण दाबलं. सहाही फाइलींत ४.१०. नेमक्या ओळी, नेमकी जागा. बोक्याचं वजन कायम. आकडा एकदाच सरकला आणि शहाण्या मुलासारखा थांबला. चाळणीने एकेक फाइल उघडून पाहिली. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. शेवटी म्हणाली, वक्ते, सहाही बरोबर आहेत.

तिला वाईट वाटलं असेल. मी मन मोठं करून तिचेही आभार मानले.

मालकांनी केक मागवला होता, त्यामुळे भाषण सर्वांनी शेवटपर्यंत ऐकलं. विषय: हाताकडून बुद्धीकडे. लाल शाईच्या वाक्याला हशा आला. एकाने मधेच विचारलं, एकूण किती वेळ लागला याला. मी म्हणालो, स्वातंत्र्याचा हिशेब घड्याळात होत नाही.

४.१० रवाना झालं. प्रत्येक दवाखान्यातला कॉम्प्युटर पहाटे स्वतःच तपासतो, नवं व्हर्जन आहे का. असेल तर उतरवून घेतो. उद्या गुरुवारचे निरोप निघण्याआधी सगळीकडे दुरुस्ती पोचलेली असेल. बायकोला सांगितलं. ती पहिल्यांदाच हसली. म्हणाली, बरं झालं बाई, त्या माणसाला २४ ला येऊ नको म्हणून कळवते.

मी म्हणालो, अवश्य कळव.


गुरुवार, २० जून. सकाळ.

सासरेबुवांचा फोन. आवाजात आनंद आवरून धरलेला. म्हणाले, जावईबापू, स्क्रीनवर काय आलंय ते वाचून दाखवू का? आणि वाचलं: 'आपल्याकडे याहून नवीन व्हर्जन आहे. अपडेटची गरज नाही.' मग म्हणाले, कॉम्प्युटर माझ्याच मताचा निघाला.

सगळ्या दवाखान्यांत हेच. ४.९ ने ४.१० कडे पाहिलं, दशांश म्हणून वाचलं आणि दारातूनच परत पाठवलं. तुलना करणारा तो भाग कुणी लिहिला, हे विचारण्याची ही वेळ नव्हे. ऑफिसात तिघांनी विचारलं. तिघांनाही हेच सांगितलं.

फोन ठेवण्याआधी सासरेबुवांचा आवाज खाली आला. म्हणाले, निरोप आताच गेला. काचेतून बाई दिसतायत. फोन बघितला, उलटा करून ठेवला, आणि पुन्हा मशीन चालवायला लागल्या.

दुपारी आणखी एक गोष्ट ध्यानात आली. तुलनेची चूक दुरुस्त करणं सोपं आहे. पण ती दुरुस्ती पोचवायची तर अपडेट व्हायला हवं, आणि अपडेट व्हायचं तर आधी ती दुरुस्ती पोचायला हवी. किल्ली कपाटात आणि कपाट बंद. विचारवंताला आवडावा असा पेच आहे. इतर कुणाला आवडला नाही.

बायकोने विक्रेत्याला परत फोन केला. ये म्हणाली.


शुक्रवार, २१ जून. ऑफिस.

मालकांनी सगळ्यांना बोलावलं आणि मला विचारलं, आता काय.

माझी तयारी होती. फळ्यावर आकृती काढली. दूरवरून प्रत्येक दवाखान्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून तुलना करणारा तेवढाच भाग बदलणारी एक वेगळी यंत्रणा. तिला स्वतःचा व्हर्जन नंबर. तो बदलायला माझीच स्क्रिप्ट, थोडी वाढवून. तीन आठवडे. फार तर चार. निळ्या खडूने बाण काढत असताना पाठीमागे काही हालचाल झाली, पण वक्त्याने सभेकडे पाठ असताना लक्ष विचलित होऊ देऊ नये.

आकृती पुरी करून वळलो तर सगळे चाळणीच्या टेबलाभोवती होते.

तिने सहाही फाइली हाताने उघडल्या होत्या आणि ४.१० खोडून ५.० लिहिलं होतं. एवढंच. पाच नऊ दशांशाला घाबरत नाही. एका दवाखान्याला फोन करून तपासायला सांगितलं, तिथे उतरलं. मग सगळीकडे पाठवलं. टेबलावर तिचा चहा होता. तिने कप उचलला, एक घोट घेतला आणि म्हणाली, गरम आहे अजून.

मी म्हणालो, ५.० म्हणजे मोठी झेप असायला हवी, त्यात काहीतरी भव्य हवं, ही लोकांची फसवणूक आहे. मालक म्हणाले, मेलेल्या कुत्र्याला निरोप जाणं थांबलं, मला पुरे भव्य आहे.

यापुढची सगळी व्हर्जन्स चाळणी पाठवणार. माझ्याकडे मदतीचं पान दिलंय. त्यावर अजून ४.८ आहे म्हणे, माझ्या टेबलावरच्या कॉपीत.


सोमवार, २४ जून.

विक्रेता आला होता. टाय लावून. मला मुद्दाम दवाखान्यात बोलावलं नव्हतं, मी मुद्दाम गेलो.

बायकोने त्याला चहा दिला आणि आमचंच ठेवणार म्हणून सांगितलं. मी दारात उभा होतो, ऊर भरून आला. तो गेल्यावर म्हणालो, विश्वास ठेवलास. ती म्हणाली, हो, तुमच्या टेस्टरवर. शुक्रवारी तिनेच फोन केला होता. चार वाक्यांत सांगितलं काय झालं ते. तू तीन आठवड्यांत सांगू शकला नाहीस.

सासरेबुवा ५.० वर खूश आहेत. म्हणाले, पूर्णांक आहे, वाद नाही.

म्हणजे एकंदरीत मोहीम यशस्वी. दुरुस्ती पोचली, ग्राहक टिकला. मार्ग वेगळा निघाला इतकंच.


गुरुवार, २७ जून.

आज पहिल्यांदा एकही चुकीचा निरोप गेला नाही. बाईंना एकच गेला, तोही खरा: 'मांजरीची लस राहिली आहे. लवकर घेऊन या.' लशीची मुदत या आठवड्यात संपते. शेजारच्या गल्लीत मांजरांमध्ये रोगाची साथ आहे, बायको म्हणते उशीर नको.

बाई आल्या नाहीत.

सासरेबुवांनी काचेतून पाहिलं. फोन वाजला, बाईंनी न बघताच उलटा केला. आता त्या आमचे निरोप वाचतच नाहीत. बायकोने फोन लावला. उचलला नाही. दवाखान्याचा नंबर दिसला की उचलत नसाव्यात.


शुक्रवार, २८ जून. संध्याकाळ, दवाखाना.

बायकोने ऑफिस सुटताच इथे बोलावून घेतलं. म्हणाली, मी दोनदा जाऊन आले, बाबा काउंटरवर रोज मान खाली घालतात. आता तू जा.

मी तयार होतो. टिपणही केलं होतं. सुरुवातीला मुक्या जनावरांवरची माणसाची माया, मग यंत्रयुगातल्या चुकांचं स्वरूप, शेवटी क्षमा. सासरेबुवांनी चष्मा लावून वाचलं. म्हणाले, जावईबापू, भाषा उत्तम आहे. पण बाईंना मधे मशीन थांबवून ठेवावं लागेल.

मग मला सुचलं, की असे प्रसंग तर सगळ्याच दवाखान्यांत येत असणार. जनावर गेल्याची नोंद झाली की मालकाला आपोआप सांत्वनाचे दोन शब्द जातील, अशी छोटीशी सोय केली तर? एक दुपारचं काम. मी बायकोला सांगायला तोंड उघडलं. तिने टिपणाचा कागद माझ्या हातातून घेतला, घडी केली आणि लंगडणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली.

म्हणाली, तिथे ऑटोमेशन हा शब्द काढलास तर मी तुलाच अनइन्स्टॉल करीन.

काचेतून दिसतंय. बाईंनी कापड गुंडाळायला घेतलंय. मांजर खिडकीत बसली आहे. सासरेबुवा माझ्याकडे बघतायत आणि मी बघतोय या पानाकडे, कारण पानाला उत्तर द्यावं लागत नाही.

पुरे झालं. पेन ठेव. रस्ता ओलांड, दार ढकल आणि दुकान बंद व्हायच्या आत एवढंच सांग: बाई, सरदारचे निरोप माझ्या चुकीने आले, मांजरीचा खरा आहे. तिला घ्या, मी पिंजरा धरतो.